नुकसानभरपाई दाव्याची कालमर्यादा

अपघातात किंवा दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे इजा अथवा मृत्यू झाल्यास भरपाईचा दावा ज्या मुदतीत दाखल करावा लागतो, तिला दाव्याची कालमर्यादा म्हणतात. भारतात अशा सर्व दाव्यांना एकच मुदत नाही. अपघाताचे स्वरूप, प्रतिपक्ष आणि दाद मागण्याचे ठिकाण यांनुसार ती बदलते. मुदत उलटल्यास दावा 'मुदतबाह्य' ठरतो.

मूळ कायदा

मुदतीसंबंधीचा पहिला एकसमान कायदा १८५९ साली झाला. सध्याचा मुदत अधिनियम, १९६३ हा १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे. प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक असते.

मोटार अपघात

राष्ट्रीय महामार्ग ५३ हा भंडारा, लाखनी आणि साकोली या गावांवरून जातो. त्यावरील अपघातांसारखे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. त्यांची मुदत वेळोवेळी बदलली आहे. प्रारंभी ती ६० दिवस होती. १९६९ च्या दुरुस्तीने ती ६ महिने झाली. १९९४ मध्ये मुदतीची अटच काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने ६ महिन्यांची अट पुन्हा आणली व ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. विलंब माफ करण्याची तरतूद तिच्यात नाही. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून असे दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला.

अपघात जेथे घडला तेथे, अथवा दावेदार किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, हा दावा करता येतो. त्यामुळे परगावी जखमी झालेल्या भंडाऱ्याच्या रहिवाशास आपल्या जिल्ह्यातच दाद मागता येते.

इतर दावे

* घातक अपघात अधिनियम, १८५५ खालील दावा : मृत्यूपासून २ वर्षे.
* स्वतंत्र मुदत न दिलेले दिवाणी दावे : साधारणतः ३ वर्षे.
* वैद्यकीय निष्काळजीपणाची ग्राहक आयोगाकडील तक्रार : २ वर्षे, सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो.
* रेल्वे अपघात : १ वर्ष, रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे खंडपीठ नागपूर येथे आहे.
* कामावरील इजा : नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कायद्यानुसार २ वर्षे होती. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींसारख्या ठिकाणी अशी तरतूद महत्त्वाची ठरते.
* नगरपरिषदेने कायद्यान्वये केलेल्या कृतीबाबतचा दावा : १ महिन्याची पूर्वसूचना व ६ महिन्यांची मुदत.

मुदतीची गणना

ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो पहिला दिवस वगळला जातो. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असल्यास ते पुन्हा उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. दिवाणी दाव्यात अज्ञान व्यक्तीची मुदत ती सज्ञान झाल्यानंतर सुरू होते. मात्र ही सवलत ३ वर्षांपलीकडे जात नाही. शासनाविरुद्धच्या दाव्यापूर्वी द्यावयाच्या २ महिन्यांच्या नोटिशीचा काळ मुदतीत मोजला जात नाही.

प्रचलित गैरसमज

पोलिसांत गुन्हा नोंदवला, म्हणजे भरपाईचा दावाही दाखल झाला, असे अनेकांना वाटते. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या स्वतंत्र कार्यवाह्या आहेत. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याची मुदत थांबत नाही. मोटार अपघातात पोलिसांनी ३ महिन्यांत न्यायाधिकरणाला माहिती अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. तरीही तो खरोखर पाठवला गेला की नाही, याची खात्री जखमीने अथवा त्याच्या वारसांनी करून घेणे हिताचे असते.