चिलखतापासून ब्रेसपर्यंत



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण मागील वर्षी मुलीचा गणवेश शिवताना एका बाजूची लांबी सारखी कमी भरू लागली. मापच चुकले असे समजून मी तो दोनदा उसवला. पुढे डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा कळले की चूक मापात नव्हती. पोरीचा कणाच बाजूला वळला होता. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. तिला ब्रेस घालावा लागला. या ब्रेसची हकिगत मी पुतणीकडून वाचवून घेतली, तीच येथे देत आहे.

हा विकार फार जुना. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या काळी रोग्याला फळीवर बांधून ताणीत असत. सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यवैद्याने चिलखत करणाऱ्या कारागिरांकडून लोखंडी अंगरखे घडवून घेतले. वजन कमी व्हावे म्हणून त्यांना भोके पाडीत. मूल वाढेल तसा अंगरखा बदलावा, असे त्याने लिहून ठेवले आहे. आजही तोच नियम आहे.

पुढे १८७० नंतर न्यूयॉर्कचे डॉ. लुईस सेयर मुलांना डोक्याला व काखेत पट्टे बांधून टांगून धरीत आणि अंगावर प्लॅस्टर चढवीत. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, मग बाक अंशांत मोजता येऊ लागला. १९४० नंतर अमेरिकेतील मिलवॉकी येथे डॉ. ब्लाउंट व डॉ. श्मिट यांनी कमरेपासून हनुवटीपर्यंत पोहोचणारा ब्रेस केला. तो दिवसाचे २३ तास घालावयाचा! वयात येणाऱ्या मुलीला शाळेत त्याची किती लाज वाटत असेल, हे आईलाच कळेल. १९७० नंतर बोस्टन येथे काखेखाली राहणारा, कपड्यांत झाकला जाणारा प्लॅस्टिकचा ब्रेस निघाला.

एवढे होऊनही ब्रेसचा खरोखर उपयोग होतो की नाही, याबद्दल डॉक्टरांतच वाद होता. अमेरिका व कॅनडा येथील मोठ्या पाहणीचा निकाल २०१३ मध्ये आला. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रियेच्या हद्दीच्या आत राहिला. न घालणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेसमध्ये उष्णता टिपणारे लहान यंत्र बसवून तो किती तास अंगावर होता हेही मोजले. रोज सरासरी १३ तास किंवा अधिक घालणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांना यश आले.

म्हणजे कारागीर कितीही निपुण असो, काम होते ते घालणाऱ्या मुलीच्या निश्चयाने. ब्रेस कणा सरळ करीत नाही. वाढीच्या वयात बाक वाढू नये म्हणून तो रोखून धरतो.

मी मुलीला कितीदा रागावले होते, "नीट बस, पोक काढू नकोस!" हा बाक बसण्याच्या सवयीने किंवा दप्तराच्या ओझ्याने होत नाही, बहुतेकांत त्याचे कारणच सापडत नाही, हे मला मागाहून कळले. त्या बोलण्याचे आज वाईट वाटते. आता ती स्वतःच तास मोजते. मी तिला सैल कुडते शिवते.

मैत्रिणींनो, दहा ते चौदा वर्षांच्या मुलीला पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकावयास सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. वेळीच नेले तर पुष्कळ वाचते.