गोळीच्या आधी आलेला गट

औषधांचा इतिहास सांगताना शोध लावणाऱ्यांची नावं येतात. ते औषध माणसांनी रोज, वर्षानुवर्षं घेतलं कसं, हे राहून जातं. एचआयव्हीत तर तीच खरी गोष्ट. गोळ्या वारंवार चुकल्या, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून आज सोनागाछीला जाऊ, कोलकात्याच्या सर्वांत मोठ्या वेश्यावस्तीत.

१९९२ साली साथरोगतज्ज्ञ डॉ. स्मरजित जाना तिथं कामाला आले. एड्स म्हणजे मरण, असा तो काळ. जानांनी वस्तीतल्याच बायकांना हिरवा कोट आणि ओळखपत्र दिलं आणि त्यांना घरोघर पाठवलं. लवकरच कळलं की निरोधची माहिती देऊन भागत नाही. गिऱ्हाईक नको म्हणालं की एकटी बाई काय करणार? संध्याकाळची चूल पेटायची असते. सगळ्यांनी मिळून अट घातली, तर मात्र गिऱ्हाईकाला ऐकावं लागतं.

१९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ उभी राहिली. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो. म्हणजे दुर्वार, आवरता न येणारी! त्याच वर्षी ‘उषा’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली, सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी. कायद्यात सभासदाच्या चारित्र्याची अट होती. ‘गृहिणी’ असं लिहा, काम होईल, असं सुचवलं गेलं. बायका म्हणाल्या, आमचा धंदा आहे तोच लिहू. अखेर अट शिथिल झाली. या साऱ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. पुढे १९९९ मध्ये अख्खा प्रकल्पच समितीच्या हाती आला.

गोळ्या यानंतर आल्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं, कोलकात्यात स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचं केंद्र नंतर सुरू झालं. आता विचार करा: एका खोलीत चारजणी, डबी लपवायची कुठं? केंद्रावर जायचं तर दिवसाची कमाई बुडते, मूल कुणाकडे ठेवायचं? ही प्रश्नपत्रिका डॉक्टरला सुटत नाही, शेजारणीला सुटते. आणि ती शेजारीण सोनागाछीत बरीच वर्षं आधीपासून संघटित होती.

मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ मध्ये हीच गोष्ट पद्धत म्हणून बांधली गेली. साधारण सहाजणांचा गट; आळीपाळीनं एकानं दवाखान्यात जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांची औषधं आणायची. तिथं औषधासाठी गट जमला. सोनागाछीत गट आधी होता, औषध मागाहून आलं. फरक लहान नाही.

आपल्याकडे सांगलीलाही हेच घडलं. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’चं काम १९९२ मधलंच, त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. नावात ‘वेश्या’ हा शब्द बायकांनी मुद्दाम ठेवला.

२०२० च्या टाळेबंदीत केंद्रापर्यंत पोचणं अवघड झालं, तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमानंही समाजातल्या कार्यकर्त्यांमार्फत औषधं पोचवायला मुभा दिली. डॉ. जाना मे २०२१ मध्ये कोरोनानं गेले. दुर्बारचं काम त्यांच्यानंतरही चालू राहिलं.