उंबरठा की माजघर? : अँग्लिकन परंपरेतील दृढीकरण

मनुष्य चर्चचा सभासद केव्हा होतो? बाप्तिस्म्याने, असे अँग्लिकन परंपरेचे उत्तर आहे. मग दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, कशासाठी? बाळपणी धर्ममातापित्यांनी आपल्या वतीने दिलेली वचने जाणत्या वयात स्वतःच्या मुखाने स्वीकारायची आणि बिशपने मस्तकावर हात ठेवून पवित्र आत्म्याचे बळ मागायचे, असा हा विधी. वर्ड्‌स्वर्थच्या 'एक्लेसिॲस्टिकल सॉनेट्स'मध्ये त्यावर सुनीते आहेत. वर्गात आपण ती बहुधा वगळतो. पण हा विधी घराचा उंबरठा की घरातलेच माजघर, हा प्रश्न इंग्लंडच्या इतिहासात अनेक शतके धुमसत राहिला आहे.

उंबरठ्याची कल्पना जुनी. १२८१ साली लँबेथच्या धर्मसभेत आर्चबिशप पेकम यांनी नियम केला, की मरणासन्न व्यक्ती वगळता दृढीकरण न झालेल्यास प्रभुभोजन देऊ नये. लोकांना प्रभुभोजनापासून तोडण्याचा हेतू त्यामागे नव्हता. दृढीकरणाविषयीची अनास्था मोडायची होती. धर्मसुधारणेनंतर १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने हा नियम कायम ठेवला आणि त्याला शिक्षणाची जोड दिली. मतांगिकार, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा मातृभाषेत म्हणता आल्या पाहिजेत, प्रश्नोत्तरीची उत्तरे देता आली पाहिजेत. विधीला आता आकलनाची अट आली.

१६६२ च्या प्रार्थनापुस्तकात या नियमाला एक छोटी पुस्ती जोडली गेली: दृढीकरण झालेला, 'किंवा त्यासाठी सिद्ध व इच्छुक असलेला'. यादवीच्या काळात बिशपपदच रद्द झाले होते. एक पिढी दृढीकरणावाचून वाढली होती. तिला दाराबाहेर ठेवणे शक्य नव्हते. या 'इच्छुक' शब्दाचे मोल पुढे अमेरिकेतील वसाहतींत कळले. तेथे अँग्लिकन चर्चे होती, धर्मगुरू होते, पण बिशप एकही नव्हता. १७८४ साली सॅम्युएल सीबरी यांना स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे बिशपपदाची दीक्षा मिळेपर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या माणसे केवळ इच्छेच्या बळावर प्रभुभोजन घेत राहिली.

इंग्लंडात तर प्रभुभोजनाला राजकीय किंमतही होती. १६७३ च्या टेस्ट ॲक्टनुसार सरकारी पदासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने ते घेतल्याचा दाखला लागे. दृढीकरणाचा दाखला मात्र तो कायदा मागत नव्हता! ही अट १८२८ साली रद्द झाली.

सभासदत्वाचा प्रश्न पुन्हा पेटला तो १९१९ साली. चर्चच्या नव्या प्रातिनिधिक रचनेत मतदार कोण, हे ठरवायचे होते. ऑक्सफर्डचे बिशप चार्ल्स गोर यांचा आग्रह होता, की दृढीकरण झालेल्यांनाच मताधिकार असावा. जबाबदारी स्वीकारल्याशिवाय अधिकार नको. बाप्तिस्मा पुरेसा ठरला. गोर यांनी त्याच वर्षी पद सोडले. त्यामागील प्रमुख कारण हा निर्णय मानला जातो.

गोर यांच्या आधी, याच ऑक्सफर्ड धर्मप्रांतातील वाँटेज गावी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पुढील पत्रव्यवहार आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो, परंतु बिशप व धर्मगुरू यांचा शब्दन्‌शब्द मानण्यास बांधलेल्या नाही, ही रमाबाईंची भूमिका. गोर आणि रमाबाई दोघांनाही सभासदत्व समजून-उमजून हवे होते. गोर यांना त्यासाठी संस्थेची शिस्त आवश्यक वाटली. रमाबाईंनी आपल्या विवेकाला प्रमाण मानले.

विसाव्या शतकात पारडे बाप्तिस्म्याकडे झुकले. १९७९ च्या अमेरिकी प्रार्थनापुस्तकाने बाप्तिस्मा हाच मंडळीतील पूर्ण प्रवेश असल्याचे म्हटले. चर्च ऑफ इंग्लंडच्या २००६ च्या नियमांनी बिशपच्या अनुमतीने, दृढीकरणाआधीही बाप्तिस्मा झालेल्या बालकांना प्रभुभोजन खुले केले.

मग दृढीकरण निरर्थक झाले काय? मला उलट वाटते. जोवर तो उंबरठा होता, तोवर तो ओलांडणाऱ्याचा हेतू संशयास्पदच होता: श्रद्धा, की केवळ आत शिरण्याची सोय? आता त्यावाचून काही अडत नाही. म्हणूनच जो स्वतःहून पुढे येऊन गुडघे टेकतो, त्याच्या 'होय'ला वजन आहे. १६६२ मध्ये नाइलाजाने जोडलेला 'इच्छुक' हा शब्दच अखेर या विधीचा गाभा ठरला.