प्रोबायोटिक जीवाणू आणि रक्तातील संसर्ग

योग्य मात्रेत घेतल्यास आरोग्याला लाभदायक ठरणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना 'प्रोबायोटिक' असे म्हणतात. अतिसारावर किंवा प्रतिजैविकांच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूल, पुड्या आणि कुप्यांमध्ये लॅक्टोबॅसिलस अथवा बॅसिलस क्लॉसी हे जीवाणू असतात. एरवी निरुपद्रवी असलेले हे जीवाणू क्वचित प्रसंगी रक्तात शिरून गंभीर संसर्ग घडवितात.

निरोगी व्यक्तींमध्ये असा संसर्ग अत्यंत दुर्मीळ आहे. आतड्याचे अखंड अस्तर आणि रोगप्रतिकारशक्ती हे जीवाणू रक्तात जाऊ देत नाहीत. फिनलंडमध्ये १९९० पासून लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा वापर मोठ्या प्रमाणावर वाढला. तरीही रक्तातील लॅक्टोबॅसिलस संसर्गाचे प्रमाण वाढले नसल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

अतिदक्षता विभागातील रुग्ण, अपुऱ्या दिवसांची बालके आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत मात्र धोका वाढतो. रक्तवाहिनीत घातलेल्या नळीला कॅप्सूलमधील भुकटीचा स्पर्श झाल्यास जीवाणू थेट रक्तात पोहोचू शकतात. अमेरिकेतील बोस्टन येथील बालरुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात प्रोबायोटिक दिलेल्या ५२२ रुग्णांपैकी ६ जणांच्या रक्तात हा जीवाणू आढळला. जनुकीय तपासणीत तो कॅप्सूलमधीलच असल्याचे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी मुंबईतील डॉक्टरांनी प्रोबायोटिक उपचारानंतर एका बालरुग्णाला झालेल्या बॅसिलस क्लॉसी संसर्गाची नोंद प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांच्या एका बालकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये रुग्णालयांना सावधगिरीचा इशारा दिला.

निदानातही अडचण येते. रक्ताच्या तपासणीत असे जीवाणू आढळल्यास नमुना दूषित झाला असावा, असा समज होऊ शकतो. शिवाय लॅक्टोबॅसिलसच्या अनेक जातींवर व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचा परिणाम होत नाही. त्यामुळे रुग्ण प्रोबायोटिक घेत आहे काय, ही माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे ठरते.

दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाई नगरपासून थोड्याच अंतरावर, अन्सारी नगर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जैवतंत्रज्ञान विभागाच्या सहकार्याने २०११ मध्ये खाद्यपदार्थांतील प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जीवाणूच्या नेमक्या वाणाची ओळख आणि त्याच्या सुरक्षिततेची तपासणी यांवर त्यांत भर देण्यात आला आहे.

निरोगी व्यक्तींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. गंभीर आजारी रुग्णांना व नवजात बालकांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये.