घराची चतुःसीमा

ताराबाई पार्कात किंवा रंकाळ्याच्या बाजूला फिरताना एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकावर ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसते. घर 1950-60 च्या सुमाराचे. काळ्या दगडाचे जोते, मंगलोरी कौले, एका अंगाला गच्ची. दलाल गिऱ्हाइकाला आधी गच्चीवर नेतो आणि वायव्येकडे बोट करून जोतिबाचा डोंगर व पन्हाळा दाखवतो. घराआधी डोंगर दाखवावा, ही रीत फार जुनी नव्हे.

अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या पेठांतला जुना वाडा रस्त्याकडे जवळजवळ पाठ करून बसे. उजेड, वारा, तुळस, वाळवण, मुंजीचा मांडव, सारे आतल्या चौकात. खण किती, चौक किती, आडाला पाणी कसे, यावर त्याची किंमत व्हायची. देखावा कोणी विचारत नसे.

घराचे तोंड बाहेर वळले ते प्रथम राजघराण्याचे. मेजर मँटच्या आराखड्याचा नवा राजवाडा 1877 ते 1884 मध्ये गावाबाहेर उभा राहिला. 1931 ते 34 मध्ये रंकाळ्याच्या पश्चिम काठी शालिनी पॅलेस झाला. खर्च आठ लाख. 1987 साली त्याचे हॉटेल झाले, म्हणजे तळ्याचा देखावा रात्रीच्या हिशेबाने मिळू लागला!

1 मार्च 1949 रोजी संस्थान विलीन झाले. त्यानंतर वकील, डॉक्टर, गुळाचे व्यापारी यांनीही मोकळ्या जागेत घरे बांधली. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, म्हणून दगड, लाकूड, कौले. आज आपण त्या घरांचे जे वैशिष्ट्य वाखाणतो, त्यातले निम्मे त्या टंचाईचे देणे आहे.

मग ही घरे विकली का जातात? ‘बहिणींनी वाटा मागितला’ असे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि ते आम्हांला पटत नाही. बंगला बहुधा वडिलांच्या स्वकष्टाचा. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने त्यात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. मात्र त्याच कायद्याच्या 23 व्या कलमाने कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती. भाऊ वेगळे होईपर्यंत थांबावे लागे. हक्क कागदावर, किल्ली भावाकडे. हे कलम 2005 साली गेले. ज्या गच्चीवर तिने उन्हाळेच्या उन्हाळे पापड राखले, तिची किंमत तिने मागितली तर घर मोडले कसे म्हणावे? भाऊ पुण्यात, पुतण्या अमेरिकेत. त्या घरात राहायला कोणी उरलेच नव्हते.

घेणाऱ्याने मात्र एक ध्यानात ठेवावे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षे निर्वेध मिळालेल्या उजेडावर व वाऱ्यावर हक्क सांगता येतो, देखाव्यावर नाही. इंग्लंडात ऑल्ड्रेडच्या खटल्यात 1610 सालीच न्यायाधीशांनी तसे सांगून टाकले होते. शेजारी चार मजले चढले की डोंगर गेला, आणि त्याबद्दल दाद नाही. खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याचा मोकळा प्लॉट. पन्हाळा त्या प्लॉटच्या पलीकडे असतो.