सावधान! झोपेच्या गोळीने झोप येऊ शकते

काही झोपेच्या गोळ्यांच्या पाकिटावर इशारा असतो : या औषधाने झोप येऊ शकते. (नाही आली तर पैसे परत मागायचे ना!) शेंगदाण्याच्या पुडीवर 'यात शेंगदाणे आहेत'. आपण हसतो, कंपनीच्या वकिलांच्या नावाने चार शब्द बोलतो आणि सोडून देतो. पण लेबलांवर हे इशारे आले कुठून, ते बघायला गेलं की हसू पार मावळतं.

तर झालं असं की, १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं नवं औषध जोरात होतं. गुणकारीही होतं. गोळ्या मिळायच्या, पण मुलांना द्यायला पातळ औषध हवं होतं. टेनेसीतल्या मॅसेंगिल कंपनीने ते डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, रासबेरीचा स्वाद घातला आणि नाव दिलं 'एलिक्झिर सल्फानिलामाइड'. रंग, वास, चव सगळं तपासलं. विषारी आहे का, एवढंच नाही तपासलं. कायद्याने ते बंधनकारकच नव्हतं! मूत्रपिंडं निकामी होऊन शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं.

सरकारने गावोगावी माणसं पाठवून बाटल्या जप्त केल्या. कोणत्या गुन्ह्याखाली? विष विकल्याच्या नव्हे. १९०६ च्या कायद्यात तशी सोयच नव्हती. 'एलिक्झिर' म्हणजे त्यात अल्कोहोल हवं, यात ते नाही, सबब लेबल चुकीचं! बाटलीवर नुसतं 'सोल्यूशन' लिहिलं असतं, तर सरकारला हात चोळत बसावं लागलं असतं. कंपनीला दंड झाला २६,१०० डॉलर.

मग १९३८ मध्ये नवा कायदा आला. औषध सुरक्षित आहे हे विकण्याआधी दाखवा, आणि ते कसं घ्यायचं नि धोका काय, ते लेबलावर छापा. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र 'इफ' कंडिशन दिसली की आपण ती हसत हसत डिलीट करायला जातो, आणि मग कळतं की कधीकाळी तिथे सिस्टिम झोपली होती. इशाऱ्यांचंही तसंच आहे. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत झोपेच्या गोळीतलंच रसायन असतं. ती घेऊन गाडी चालवणाऱ्याला तीच ओळ वाचवते.

पण नुसत्या लेबलाने भागत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या कारभाराची लक्तरं काढली. रुग्णाने प्रत्येक अक्षर वाचलं असतं तरी काय उपयोग होता?

असो. झोपेच्या गोळीवरच्या इशाऱ्याला खुशाल हसा. पण बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे का, हे बघणारा माणूस जागा आहे ना, तेही विचारा.