मोडलेल्या वाहनाचे मोल : नवी मुंबईतील एका तंट्याचा पूर्वेतिहास

अपघातात पूर्णतः निकामी झालेल्या वाहनापोटी विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम मालकाला मान्य नसते, तेव्हा उभ्या राहणाऱ्या तंट्याच्या मुळाशी वाहनाची किंमत कोणी आणि केव्हा ठरवायची, हा जुना प्रश्न असतो. हा प्रश्न नवी मुंबईला विशेष जवळचा आहे, कारण 1970मध्ये सिडकोची स्थापना होऊन वसू लागलेले हे शहर ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, वाशीचा घाऊक बाजार, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि 1989मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांच्या मालवाहतुकीवर वाढले, आणि येथील अनेक कुटुंबांची सारी पुंजी एखाद्या ट्रकमध्ये किंवा टेम्पोत गुंतलेली असे.

1939च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तेवढा सक्तीचा केला. स्वतःच्या गाडीचा विमा हा ऐच्छिक करार राहिला. 1973मध्ये सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या उरल्या, आणि दर व अटी सर्वत्र सारख्याच असल्यामुळे एका कंपनीवर नाराज झालेल्या मालकाला दुसरीकडे जाऊन फारसा लाभ नव्हता. त्या काळच्या पॉलिसीत मालक गाडीची अंदाजित किंमत लिहून देई व हप्ता त्या किमतीवर आकारला जाई, पण भरपाई देताना अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव आणि लिहून दिलेली किंमत यांपैकी कमी असेल ती रक्कम धरली जाई. हा बाजारभाव सांगणारा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचे मूल्यमापन करणारा परवानाधारक, कंपनीच नेमत असे. हप्ता एका किमतीवर घ्यायचा आणि भरपाई दुसऱ्या किमतीवर द्यायची, ही पद्धत मालकावर उघड अन्याय करणारी होती.

1 जुलै 2002 रोजी लागू झालेल्या नव्या मोटार दरपत्रकाने या अन्यायाच्या मुळावरच घाव घातला. त्याने ‘आयडीव्ही’, म्हणजे विमा उतरवतानाच निश्चित होणारी गाडीची किंमत, ही कल्पना आणली आणि पूर्ण नुकसानीच्या दाव्यात पॉलिसीच्या मुदतीत त्या किमतीतून आणखी घसारा कापायचा नाही, असे ठरवले. दोन ते तीन वर्षे जुन्या गाडीला 30 टक्के घसारा लागत असल्याने सहा लाख रुपयांच्या गाडीची आयडीव्ही 4 लाख 20 हजार होई, आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या 75 टक्क्यांच्या, म्हणजे 3 लाख 15 हजारांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाई. मात्र हा खर्च पॉलिसीच्या अटींना अधीन राहून मोजायचा होता, आणि त्याच अटींनुसार रबर व प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा वजा होत असल्याने गॅरेजच्या अंदाजपत्रकात उंबरठा ओलांडणारी गाडी सर्व्हेअरच्या हिशेबात दुरुस्तीयोग्य ठरू शके. गाडी टोटल लॉस ठरली तरी सांगाडा मालकाकडेच ठेवून त्याची भंगारातली किंमत भरपाईतून वजा करण्याचा मार्ग होता, आणि ती किंमत फुगवून धरली की मालकाच्या हाती येणारी रक्कम तेवढीच घटे. अशा रीतीने किमतीचा वाद मिटला नाही. तो उंबरठ्यावर आणि सांगाड्यावर सरकला.

दाद मागण्याची वाटही हळूहळूच मोकळी झाली. बिंदुमाधव जोशी यांनी 1974मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीने ग्राहकहिताच्या कायद्यासाठी भूमी तयार केली. 1986चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि पुढे ठाणे जिल्ह्याचा अतिरिक्त मंच बेलापूरच्या कोकण भवनात बसू लागला. नूतनीकरणाच्या वेळी स्वीकारलेली किंमत कंपनीला दाव्याच्या वेळी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये, तर सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, हे 2009मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात सांगितले. ‘पूर्ण व अंतिम’ रक्कम मिळाल्याच्या पावतीवर सही घेऊन मालकाचे तोंड बंद करण्याची रीत मात्र चिवट होती. ती सही दबावाने किंवा फसवणुकीने घेतली असल्यास दाद मागता येते, असा निर्णय 1999मध्येच झालेला असूनही विमा नियामकाला 2015मध्ये त्याबाबत स्वतंत्र परिपत्रक काढावे लागले.

1998च्या नियमांनी निर्माण झालेल्या विमा लोकपालाकडे वकील किंवा शुल्क लागत नाही, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असला तरी तो अमान्य असलेल्या तक्रारदाराला ग्राहक आयोगाकडे जाता येते. नवी मुंबईकरांना त्यासाठी दीर्घकाळ पुण्याच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागे. आता हा भाग ठाण्याच्या कार्यालयाकडे आला आहे.